सेवेचे शिक्षण : रमाबाई रानडे

प्रास्ताविक

दुसऱ्याचे दुःख पाहून मन हेलावणे ही माणसाची स्वाभाविक वृत्ती आहे. परंतु केवळ मन हेलावल्याने दुःख दूर होत नाही. आजाऱ्याची शुश्रूषा कशी करावी, निराधार स्त्रीला स्वतःच्या पायावर कसे उभे करावे, मोडलेल्या कुटुंबाला आधार कसा द्यावा, हे शिकावे लागते. आज समाजकार्य हा विद्यापीठात शिकवला जाणारा विषय आहे आणि पुष्कळ तरुण-तरुणी त्याकडे व्यवसाय म्हणून पाहतात. शंभर वर्षांपूर्वी मात्र सेवेचे शिक्षण घ्यावे लागते, हा विचारच नवा होता. हा विचार पुण्यात प्रत्यक्षात आणणाऱ्या रमाबाई रानडे यांच्या जीवनाचा परिचय या पाठात करून दिला आहे.

पाठ

रमाबाईंचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे या गावी झाला. आज हे गाव महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचे माहेरचे आडनाव कुर्लेकर आणि नाव यमुना. कुर्लेकरांचे घराणे खाऊनपिऊन सुखी होते; परंतु त्या काळच्या रीतीप्रमाणे घरातील मुलींना अक्षरओळख करून देण्याचा प्रश्नच नव्हता. मुलीने लिहिणे-वाचणे शिकले तर तिला वैधव्य येते, असा समज तेव्हा सर्वत्र रूढ होता. त्यामुळे व्रतवैकल्ये, पुराणकथा आणि घरकाम एवढेच छोट्या यमुनेचे शिक्षण झाले.

१८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, यमुनेचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला आणि ती रमा झाली. रानडे त्या वेळी पुण्यात न्यायाधीश होते. ते एकतीस वर्षांचे होते आणि त्यांच्या पहिल्या पत्नीचे नुकतेच निधन झाले होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या सुधारकाने स्वतः विधवेशीच विवाह करावा, अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे मात्र त्यांचे काही चालले नाही. या विवाहाबद्दल समाजाने त्यांना बोल लावला आणि त्यांच्या स्वतःच्या मनातही त्याची खंत होती. परंतु घरात आलेल्या या अजाण मुलीला शिकवून आपल्या बरोबरीने उभे करावे, असे त्यांनी ठरवले. लग्नानंतर लगेचच रमाबाईंच्या हाती पाटी आली आणि न्यायमूर्तींनी स्वतः त्यांना मुळाक्षरे गिरवायला शिकवले.

रानड्यांचा वाडा माणसांनी भरलेला होता. सासू, नणंदा, आश्रयाला राहिलेल्या नातलग स्त्रिया असा मोठा परिवार तेथे होता. दिवसभर घरकाम आणि रात्री दिव्याच्या उजेडात अभ्यास, असा रमाबाईंचा क्रम सुरू झाला. पुढे मराठी शिकवण्यासाठी फीमेल ट्रेनिंग कॉलेजातील शिक्षिका घरी येऊ लागली. वाड्यातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचले नाही. पुरुषांनी कितीही सांगितले तरी सुनेनेच नकार द्यावा, म्हणजे ते आपोआप थांबतील, असा त्यांचा सल्ला असे. सल्ला न ऐकणाऱ्या सुनेच्या वाट्याला टोमणे आणि अबोला येत असे. वरच्या मजल्यावर पती शिकण्याचा आग्रह धरीत आहेत आणि खालच्या मजल्यावर सासरच्या स्त्रिया शिकू नको म्हणत आहेत, अशा दुहेरी ताणात ती मुलगी वाढली. उलट उत्तर द्यायचे नाही आणि हातातले पुस्तकही खाली ठेवायचे नाही, हा मार्ग रमाबाईंनी पत्करला. पुढील आयुष्यात विरोधाला तोंड देण्याची त्यांची रीत याच वाड्यात घडली.

१८७८ साली न्यायमूर्तींची नाशिकला बदली झाली. येथे मोठे कुटुंब बरोबर नव्हते. घरखर्चाचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी रमाबाईंवर आली. पैशाची तोंडमिळवणी करताना त्यांना प्रारंभी फार त्रास पडला. पण जमाखर्चाची शिस्त अंगी बाणली. पुढे मोठी संस्था चालवताना ही शिस्त त्यांच्या उपयोगी पडली. नाशिकमध्येच मुलींच्या शाळेतील समारंभात त्यांनी सभेपुढे बोलण्याचे पहिले धाडस केले. ते भाषण न्यायमूर्तींनी लिहून दिले होते. हळूहळू मात्र त्या स्वतःचे विचार स्वतःच्या शब्दांत मांडू लागल्या.

यानंतरच्या काळात शेतकऱ्यांच्या कर्जाविषयीच्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी न्यायमूर्तींना दख्खनच्या अनेक जिल्ह्यांत फिरावे लागे. रमाबाई त्यांच्या सोबत असत. मुक्कामाच्या गावी त्या मुलींची शाळा पाहत, गावातील स्त्रियांना भेटत, त्यांची सुखदुःखे ऐकत. कर्जात बुडालेली घरे, लहान वयात विधवा झालेल्या मुली, औषधावाचून दगावणाऱ्या बाळंतिणी हे सारे या प्रवासांत त्यांनी जवळून पाहिले. समाजाची पाहणी हा आज समाजकार्याच्या अभ्यासाचा पहिला धडा मानला जातो. रमाबाईंनी हा धडा बैलगाडीच्या प्रवासात गिरवला.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. त्यांची विद्वत्ता आणि वक्तृत्व पाहून पुण्यातील स्त्रिया चकित झाल्या. त्यांच्या प्रेरणेने आर्य महिला समाजाची स्थापना झाली आणि रमाबाई रानडे त्या कामात उत्साहाने सहभागी झाल्या. याच सुमारास मिस हरफर्ड या इंग्रज बाईंकडून त्या इंग्रजी शिकू लागल्या. परधर्मीय बाईंच्या सहवासामुळे घरात सोवळ्याओवळ्याचे वाद उठत. तरीही अभ्यास थांबला नाही. १८८४ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या उपस्थितीत पुण्यात सभा भरली. मुलींसाठी हायस्कूल हवे, ही मागणी रमाबाईंनी त्या सभेत इंग्रजीतून मांडली. पुरुषांनी भरलेल्या सभेत एका कुलीन स्त्रीने उभे राहून इंग्रजीत बोलावे, हे पुण्याला नवे होते. सभेत कौतुक झाले आणि घरी परतल्यावर बोलणी खावी लागली. मुलींचे हायस्कूल मात्र त्याच वर्षी सुरू झाले. हुजूरपागा या नावाने ते प्रसिद्ध आहे.

न्यायमूर्तींच्या कामानिमित्त पुढे काही काळ त्यांचा मुक्काम कलकत्त्याला होता. तेथे दोघांनी बंगाली शिकण्यास प्रारंभ केला. आपल्या थोर पतीला एखादा शब्द अडला, तर तो दाढी करायला आलेल्या न्हाव्यालाही विचारण्यात कमीपणा वाटत नाही, हे पाहून रमाबाईंना प्रथम हसू आले. ज्याच्याकडे ज्ञान आहे तो गुरू, मग तो कोणत्याही जातीचा वा धंद्याचा असो, हा धडा मात्र त्यांच्या मनावर कायमचा कोरला गेला.

१८९३ साली रानडे यांची मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून नेमणूक झाली. मुंबईत रमाबाईंनी स्त्रियांसाठी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब ही संस्था उभी केली. तेथे भाषा, सामान्य ज्ञान, शिवणकाम आणि हस्तकला यांचे वर्ग चालत. हे काम करताना त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. घरंदाज स्त्रियांना शिकण्याची हौस आहे, दुसऱ्यासाठी काही करावे असेही वाटते. परंतु काय करावे आणि कसे करावे, हे त्यांना कोणी शिकवलेले नाही. दुसरीकडे ज्यांना उपजीविकेसाठी काम करणे भाग आहे, अशा विधवा आणि परित्यक्ता यांच्यापुढे नातेवाइकांच्या घरी राबण्यावाचून मार्ग नाही. या दोन्ही प्रकारच्या स्त्रियांसाठी एकच उपाय त्यांना दिसत होता, आणि तो म्हणजे शिक्षण.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले. वयाच्या अडतिसाव्या-एकोणचाळिसाव्या वर्षी रमाबाईंना वैधव्य आले. त्या पुण्यास परतल्या आणि वर्षभराहून अधिक काळ त्यांनी स्वतःला घरात कोंडून घेतले. ज्या पतीने अक्षरे शिकवली, सभेत बोलायला शिकवले, त्याच्यावाचून आयुष्याला अर्थ कोणता, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. समाजाच्या दृष्टीने विधवेने जपजाप्य करीत दिवस काढायचे असत. रमाबाईंनी तीस वर्षांचे शिक्षण असे वाया जाऊ दिले नाही.

घराबाहेर पडताच त्यांनी येरवड्याच्या कारागृहाची वाट धरली. स्त्री-कैद्यांच्या विभागात त्या नियमाने जाऊ लागल्या. त्या स्त्रियांशी बोलत, त्यांना धार्मिक कथा वाचून दाखवीत, त्यांचे मन सावरण्याचा प्रयत्न करीत. ससून रुग्णालयातील रुग्णांना फळे, फुले आणि पुस्तके घेऊन त्या भेटत. बालगुन्हेगारांसाठी असलेल्या सुधारगृहातील मुलांचीही त्यांनी विचारपूस केली. समाजाने ज्यांच्याकडे पाठ फिरवली होती, त्यांच्याकडे त्या प्रथम गेल्या. रुग्णालयातील वास्तव्यात एक दृश्य त्यांना वारंवार अस्वस्थ करी. आजारी स्त्रिया लाजेने आपले दुखणे सांगत नसत, कारण त्यांची भाषा बोलणाऱ्या आणि त्यांच्या चालीरीती जाणणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका फार थोड्या होत्या. फळे-फुले देऊन ही उणीव भरून निघणार नव्हती.

१९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद रमाबाईंकडे आले. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन ही संस्था स्थापन केली आणि तिचे अध्यक्षपद रमाबाईंनी स्वीकारले. पुण्यातही असे काम हवे, असे त्यांना वाटत होते. २ ऑक्टोबर १९०९ रोजी रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात पुणे सेवासदनाचे वर्ग सुरू झाले. नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य गोपाळ कृष्ण देवधर यांची त्यांना मोलाची साथ लाभली. देवधर योजना आखण्यात आणि पैसा उभा करण्यात निष्णात होते, तर घराघरांतील स्त्रियांचा विश्वास संपादन करणे हे रमाबाईंचे सामर्थ्य होते. ज्या वाड्यात पाटी हातात घेतली म्हणून एका सुनेला टोमणे ऐकावे लागत होते, त्या रानडे कुटुंबाच्या नावाशी आता स्त्रीशिक्षणाचे केंद्र जोडले गेले.

सेवासदनाची रचना विचारपूर्वक केलेली होती. शाळेचे वय उलटून गेलेल्या स्त्रियांसाठी तेथे प्राथमिक वर्ग होते. संसारातील कामे आटोपून दुपारी येणाऱ्या गृहिणी, तरुण विधवा, नवऱ्याने टाकलेल्या स्त्रिया एकाच बाकावर बसून अक्षरे गिरवू लागल्या. पुढच्या टप्प्यावर इंग्रजी, शिवण, हस्तकला, संगीत, प्रथमोपचार आणि घरगुती रुग्णसेवा हे विषय शिकवले जात. त्यानंतर ज्यांची इच्छा आणि कुवत असेल त्यांना शिक्षिका, परिचारिका किंवा सुईण होण्याचे शिक्षण घेता येई. परगावच्या स्त्रियांसाठी वसतिगृहे होती. एक स्त्री शिकली तर तिचे घर सावरते, आणि ती शिकलेली विद्या घेऊन समाजात गेली तर अनेक घरे सावरतात, हे या रचनेमागील सूत्र होते.

यातील सर्वांत कठीण काम परिचारिकांच्या शिक्षणाचे होते. सेवासदनाच्या स्त्रियांना ससून रुग्णालयात प्रत्यक्ष शिक्षण देण्याची योजना आखली गेली तेव्हा पुण्यात खळबळ उडाली. रुग्णालयात सर्व जातिधर्मांचे रुग्ण असत. त्यांना स्पर्श करावा लागे, त्यांच्या जखमा धुवाव्या लागत, रात्रपाळी करावी लागे. घरंदाज, त्यातही ब्राह्मण कुटुंबातील विधवेने असे काम करणे म्हणजे कुळाला बट्टा, असे लोक म्हणत. शिवाय या कामाचा पगार मिळणार होता. सेवा पुण्यासाठी करावी, पैशासाठी करू नये, असाही आक्षेप घेतला जाई.

रमाबाईंनी या आक्षेपांना वर्तमानपत्रांतून उत्तरे देण्यापेक्षा घरोघरी जाणे पसंत केले. मुलीचे वडील, दीर, सासरे यांच्याशी त्या शांतपणे बोलत. विधवा मुलीला आयुष्यभर कोण सांभाळणार, हा साधा प्रश्न त्यांच्या बोलण्याच्या केंद्रस्थानी असे. शिकून मिळवलेला पगार लाजिरवाणा नाही. उलट दुसऱ्याच्या दारात लाचार होण्यापासून तोच वाचवतो, हे त्या पटवून देत. सेवा पगार घेऊन केली म्हणून तिचे मोल कमी होत नाही, आणि न शिकता केली तर रुग्णाला तिच्यापासून अपायही होऊ शकतो, हा त्यांचा विचार होता. परिचारिकांसाठी सुरक्षित वसतिगृहाची व्यवस्था झाली आणि रमाबाईंची देखरेख असल्यामुळे कुटुंबांची भीती कमी होत गेली. पहिल्या काही स्त्रिया शिकून बाहेर पडल्या, गणवेशात रुग्णालयात वावरू लागल्या, आणि ज्यांनी नावे ठेवली होती त्यांच्याच घरच्या बाळंतपणाला त्यांची गरज भासू लागली. अशा रीतीने विरोध हळूहळू मावळला.

शिक्षिकांची गरजही तितकीच मोठी होती. मुलींच्या शाळा निघत होत्या. पण शिकवायला स्त्रिया मिळत नसत आणि पुरुष शिक्षक असलेल्या शाळेत मुलीला धाडायला पालक तयार नसत. सेवासदनाने अध्यापिकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय चालवले. तेथून शिकलेल्या स्त्रिया लहान-मोठ्या गावांतील शाळांत गेल्या. सोलापूरसारख्या ठिकाणी संस्थेच्या शाखाही निघाल्या.

सेवासदनाच्या इतिहासातील एक प्रसंग रमाबाईंच्या स्वभावावर चांगला प्रकाश टाकतो. पुण्यातील एका वार्षिक समारंभात सेवासदनाची एक विधवा विद्यार्थिनी बक्षीस घेण्यासाठी व्यासपीठावर आली. त्या काळच्या रूढीप्रमाणे तिचे केशवपन झालेले होते आणि तिने आलवण, म्हणजे विधवेने नेसायचे तांबडे लुगडे, नेसून डोक्यावरून पदर घेतला होता. तिला पाहताच सभेतील काही विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. कार्यक्रम पुढे चालू राहिला. शेवटी आभार मानण्यासाठी रमाबाई उभ्या राहिल्या. एरवी मृदू बोलणाऱ्या रमाबाईंनी त्या दिवशी विद्यार्थ्यांना खडे बोल सुनावले. एका असहाय मुलीबद्दल ज्यांच्या मनात सहानुभूती उत्पन्न होत नाही, त्यांना सुशिक्षित कसे म्हणावे, असा त्यांचा प्रश्न होता. अशी एखादी बहीण किंवा आत्या आपल्याही घरात असू शकते, याचे भान त्यांनी श्रोत्यांना दिले. सभा स्तब्ध झाली. ज्या रमाबाईंनी स्वतःवरील टीका आयुष्यभर निमूटपणे सोसली, त्या आपल्या विद्यार्थिनीचा अपमान मात्र सोसू शकल्या नाहीत.

सेवासदनाचे काम चार भिंतींत राहिले नाही. १९१३ साली गुजरात आणि काठियावाडात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाईंनी तेथील पीडितांसाठी मदतकार्य केले. आषाढी-कार्तिकीच्या निमित्ताने आळंदीला यात्रा भरे. त्या गर्दीत स्त्रियांचे फार हाल होत. रमाबाई सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन तेथे जात आणि यात्रेकरू स्त्रियांना मदत करीत. वर्गात शिकलेला प्रथमोपचार यात्रेत करून पाहावा आणि यात्रेत आलेल्या अडचणी पुन्हा वर्गात घेऊन जाव्यात, असा शिक्षणाचा आणि सेवेचा मेळ तेथे जमत असे.

आयुष्याच्या अखेरच्या काळात रमाबाईंनी स्त्रियांच्या हक्कांसाठीही आवाज उठवला. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करताना पुणे नगरपालिका केवळ मुलांचा विचार करीत होती. पैसा अपुरा असेल तर मुलींनीच का थांबावे, हा प्रश्न १९२० च्या सुमारास पुण्यातील स्त्रियांनी लावून धरला आणि रमाबाई त्यांच्या अग्रभागी राहिल्या. मुंबई प्रांतात स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा, यासाठीही त्या झटल्या. १९२१ साली प्रांताच्या कायदेमंडळाने तो हक्क मान्य केला. फिजी आणि केनिया येथील हिंदी मजुरांच्या हालांविरुद्धही त्यांनी आपले मत मांडले.

या धकाधकीत त्यांनी लेखनही केले. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. पतीचे चरित्र सांगण्याच्या हेतूने लिहिलेले हे पुस्तक मराठीतील आरंभीच्या स्त्री-आत्मकथनांपैकी एक महत्त्वाचे पुस्तक मानले जाते. बालपणी अक्षरशत्रू असलेली मुलगी साध्या, सरळ भाषेत आपल्या संसाराचे चित्र रेखाटते आणि त्यातून एका संपूर्ण युगाचे दर्शन घडते, हे या पुस्तकाचे वैशिष्ट्य आहे.

१९२४ साली रमाबाईंचे निधन झाले. तोपर्यंत सेवासदनातून शेकडो स्त्रिया शिकून बाहेर पडल्या होत्या. महात्मा गांधींनीही त्यांच्या कार्याचा गौरव केला. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

रमाबाईंच्या निधनानंतर बारा वर्षांनी, १९३६ साली, मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. आज ती टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. १९६३ साली पुण्यातही कर्वे समाजसेवा संस्था स्थापन झाली. कुटुंबाचे समुपदेशन, बालकल्याण, रुग्णालयातील समाजसेवा, ग्रामीण विकास असे अनेक विषय आता शिकवले जातात आणि त्यांतून व्यवसाय उभे राहिले आहेत. या शाखांची नावेही रमाबाईंच्या काळी ठाऊक नव्हती. परंतु सेवेसाठी शिक्षण लागते आणि शिकून केलेल्या सेवेचा मोबदला घेण्यात कमीपणा नाही, ही दोन्ही तत्त्वे सेवासदनाच्या वर्गांत त्यापूर्वीच रुजली होती.

रमाबाईंनी स्वतः कोणतीही पदवी मिळवली नाही. संसार सांभाळत, बोलणी खात, मिळेल त्या वेळात त्या शिकल्या. म्हणूनच घरकाम आटोपून धापा टाकत वर्गात येणाऱ्या, वय वाढले म्हणून संकोचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थिनीची अडचण त्यांना न सांगता समजत असे. शिक्षणाला उशीर झाला म्हणून ते व्यर्थ जात नाही, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. अकराव्या वर्षी हाती घेतलेली पाटी त्यांनी कधी खाली ठेवली नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती शेकडो स्त्रियांच्या हाती दिली.

शब्दार्थ

शुश्रूषा – रुग्णाची सेवा
परित्यक्ता – पतीने टाकलेली स्त्री
तोंडमिळवणी – जमा आणि खर्च यांचा मेळ
सोवळे-ओवळे – शुद्धाशुद्धतेचे पारंपरिक नियम
केशवपन – विधवेचे केस काढण्याची जुनी रूढी
हुर्यो – उपहासाने केलेला आरडाओरडा
निष्णात – अत्यंत कुशल
बट्टा – कलंक

स्वाध्याय

१. रमाबाईंच्या शिक्षणाला घरातून कोणत्या अडचणी आल्या? त्यांनी त्या कशा सोसल्या?
२. दख्खनच्या जिल्ह्यांतील प्रवासांतून रमाबाईंना काय शिकायला मिळाले?
३. परिचारिकांच्या शिक्षणाला लोकांचे कोणते आक्षेप होते? रमाबाईंनी ते कसे दूर केले?
४. ‘केवळ मन हेलावल्याने दुःख दूर होत नाही’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
५. तुमच्या परिसरात कुटुंबांना आधार देणारे काम कोण करते? त्या कामासाठी कोणते शिक्षण घ्यावे लागते, याची माहिती मिळवून दहा-बारा ओळी लिहा.